जाहकाचा स्पष्ट फोटो

दिलीपराव सबनीसांना घरात एक अडेनियम हवं होतं, एवढंच. बाकी त्यांचं कोणाशी काही वैर नव्हतं.

अडेनियम म्हणजे कुंडीतलं ते ठेंगणं झाड, खाली बूड सुटलेलं आणि वर गुलाबी फुलं. समोरच्या फ्लॅटमधल्या उज्वला धारपांच्या बाल्कनीत तसलं एक होतं. त्या येताजाता 'आमचं अडेनियम, आमचं अडेनियम' असं इतक्या कौतुकाने म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ते अमेरिकेत शिकायला गेलंय. दिलीपराव विमा कंपनीतून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाला एखादा छंद असावा असं ज्यांना अजून नोकरी असते ती माणसं आवर्जून सांगतात. म्हणून जानेवारीतल्या एका गुरुवारी ते नेरूळच्या हाय टेन्शन तारांखालच्या नर्सरीत गेले. गुजरातहून आदल्याच दिवशी ट्रक आला होता. त्यातलं एक अडेनियम त्यांनी निवडलं, नर्सरीवाल्या देवजीशी मनसोक्त घासाघीस केली आणि गोणपाटात, वाळल्या गवतात गुंडाळलेलं ते झाड मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आणलं.

बाल्कनीत गोणपाट सोडलं तेव्हा गवतातून एक तपकिरी, गोल, खरखरीत वस्तू बाहेर पडली. देवजीने कुंड्या घासायला काथ्याचा ब्रश फुकट दिलेला दिसतो, असं दिलीपरावांना वाटलं. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल त्यांना लहानपणापासून आदर होता. त्यांनी ब्रश मुठीत गच्च धरला आणि जुनी कुंडी घासायला घेतली.

ब्रश 'फुस्स' म्हणाला. त्यानंतर दिलीपराव जे म्हणाले ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.

अरुणाबाई हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या. "काय झालं?"

"ब्रश चावला!"

अरुणाबाईंनी चष्मा लावून खाली वाकून पाहिलं. "अहो, हा श्वास घेतोय," त्या म्हणाल्या.

सागरदीप सोसायटीची एक खासियत होती. पाण्याची टाकी ओसंडून वाहू लागली तर कोणाला दिवसभर पत्ता लागायचा नाही, पण एखाद्या घरात काही विपरीत घडलं की ते लिफ्टच्या आधी सगळ्या मजल्यांवर पोचायचं. बघता बघता सबनीसांचा हॉल भरला. दिलीपराव सोफ्यावर बोटं वर धरून बसले होते आणि ब्रश टीपॉयवर ठेवला होता.

"अगं बाई, साळिंदराचं पिल्लू!" उज्वलाताई दारातूनच म्हणाल्या. "लांब उभे राहा सगळे. काटे फेकतं ते. आणि अरुणा, साळिंदराचा काटा घरात असला ना, की नवराबायकोत भांडणं होतात."

"काटा नव्हता तेव्हाही काही अडलं नव्हतं," अरुणाबाई म्हणाल्या.

कोणी म्हणालं हळद दाबा, कोणी म्हणालं टिटॅनस घ्या. सोसायटीचा सेक्रेटरी केयूर घरून काम करायचा, त्यामुळे एका कानात ऑफिस आणि दुसऱ्या कानात सोसायटी अशी त्याची कायमची विभागणी झालेली होती. त्याने मुद्द्याला हात घातला.

"अंकल, पेट ठेवायचं तर कमिटीला आधी कळवावं लागतं."

"हे पेट नाही रे. आपलं आपण आलंय."

"मग गेस्ट. गेस्ट असेल तर गेटवरच्या ॲपमध्ये एन्ट्री कुठाय?"

उज्वलाताईंनी मात्र वेळ न दवडता वाटीभर दूध आणि भिजवलेले बदाम आणून टीपॉयवर ठेवले. पाहुण्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाहण्यासाठी मुळात तोंड असावं लागतं आणि त्याला तोंड कुठे आहे, हेच कोणाला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी दिलीपरावांनी निवृत्तीनंतर प्रथमच एखाद्या विषयाचा कसून अभ्यास केला. फोन चार्जिंगला लावून, बोटांना मलम लावून ते वाचत बसले आणि जेवायच्या वेळेपर्यंत तज्ज्ञ झाले. हे साळिंदर नव्हतंच. साळिंदर कुठल्या कुठे मोठं आणि ते कुरतडणाऱ्यांतलं. हा जाहक. इंग्रजीत हेजहॉग. आपल्याकडचा जाहक कोरड्या माळरानावर, काटेरी झुडपांच्या मुळाशी बीळ करून राहतो. दिवसभर झोपतो आणि अंधार पडला की किडे, भुंगेरे, प्रसंगी विंचूसुद्धा खातो. बहुधा तो कच्छकडच्या त्या गवतात गाढ झोपला असताना ट्रकमध्ये भरला गेला होता आणि थेट नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर, खाडीच्या दमट वाऱ्यात जागा झाला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सोसायटीतले लोक बाथरूममध्ये खोक्यात ठेवलेला पाहुणा बघायला येत राहिले आणि दिलीपराव सांगत राहिले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. सोसायटीच्या सभेत दिलीपरावांना आजवर एकही वाक्य पुरं करता आलं नव्हतं. 'मला असं वाटतं की' इथपर्यंत ते पोचायचे आणि तेवढ्यात कोणीतरी पार्किंगवर घसरायचं. आपल्याला काय वाटतं हे त्यांचं त्यांनाही पुढे आठवेनासं झालं होतं. आणि आता चक्क माणसं हाताची घडी घालून त्यांचं ऐकत होती.

"अंगाचं मुटकुळं करतो म्हणजे काय करतो? त्याच्या कातडीखाली एक स्नायू असतो गोल. बटव्याची नाडी ओढावी तसा तो आवळतो. की तोंड, पाय, पोट सगळं आत."

"अहो, मी काय म्हणते," अरुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "ते मगाशी ना, मी बाथरूममध्ये..."

"थांब गं, मी सांगतोय ना. तर हे काटे म्हणजे खरं तर केसच बरं का. कडक झालेले केस. आणि ते तो फेकत बिकत नाही."

अरुणाबाई आत गेल्या. बोलायची संधी मिळत नाही म्हणून त्यांनी अलीकडे स्वयंपाकघरातून व्हॉट्सॲप करायची सवय लावून घेतली होती. दिलीपराव बायकोचे मेसेज उघडत नसत. मीठ संपलंय हे सांगायला मेसेज कशाला, जेवताना कळतंच, असा त्यांचा युक्तिवाद होता. आत्ताही त्यांचा फोन टिंग करून वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो पालथा ठेवला.

ज्ञान झालं, पण पाहुण्याचं करायचं काय हा प्रश्न उरलाच. दिलीपराव कायद्याला धरून चालणारा माणूस. वन्यप्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे हे वाचल्यापासून त्यांना दाराची बेल वाजली की घाम फुटायचा. शुक्रवारी सकाळीच, लोक यायच्या आधी, त्यांनी देवजीला फोन केला होता.

"सबनीससाहेब, झाड जिवंत पोचला ना?" देवजी म्हणाला. "बस. जनावर माझ्या बिलात नाय. जे बिलात नाय ते परत कसा घेऊ?"

मग शोधाशोध करून त्यांना 'जीवसखा' नावाची एक संस्था सापडली. वनखात्याच्या परवानगीने ही मंडळी वाट चुकलेले प्राणी घेऊन जात. त्यांच्या ॲपवर नाव, पत्ता भरून झाला आणि शेवटी प्राण्याचा फोटो मागितला. दिलीपरावांनी फोटो पाठवला. उत्तर आलं, 'चेहरा स्पष्ट दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' त्यांनी वरून पाठवला, बाजूने पाठवला, उलटा करून पाठवला. 'कृपया प्राण्याचा फोटो पाठवावा. नारळाचा नको.'

दिलीपरावांना ही भाषा ओळखीची वाटली. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दावे 'छायाचित्र अस्पष्ट' असा शेरा मारून परत पाठवले होते. त्या सगळ्या लोकांना तेव्हा नेमकं काय वाटलं असेल, याची त्यांना प्रथमच कल्पना आली. शेवटी त्यांनी संस्थेला फोन लावला. प्राची नावाची मुलगी बोलत होती, आवाजावरून दमलेली.

"सर, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण लोक काहीही पाठवतात. गेल्या महिन्यात आम्ही मुंगूस आणायला गेलो तर विग निघाला. गाडी एकच आहे, ती आत्ता अजगर आणायला गेलीये. तोंड दिसलं की लगेच येते."

म्हणजे आता सगळं तोंडावर येऊन ठेपलं.

शनिवारी सकाळी दिलीपराव बाथरूमच्या फरशीवर चटई टाकून पालथे पडले. समोर खोक्यात जाहक होता. हातात फोन होता. "हे बघ," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मी तुझा शत्रू नाही. तुझ्या भल्यासाठीच चाललंय. नियम आहे त्यांचा, त्याला माझा इलाज नाही." त्यांनी त्याला नियम समजावून सांगितला, त्यामागची भूमिका सांगितली, विग सांगितला. बऱ्याच वेळाने मुटकुळ्याची कड जराशी सैल झाली आणि मिरीएवढ्या नाकाचं टोक बाहेर आलं. "शाब्बास!" दिलीपराव ओरडले. नाडी आवळली गेली. दिलीपरावांना मग अरुणाबाई आणि केयूर अशा दोघांनी मिळून उठवलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला गिरजाबाई आल्या. गिरजाबाई म्हणजे चेअरमन धर्मराज मढवींच्या आई. मूळचं इथलंच, शेजारच्या सारसोळे गावचं घराणं. धर्मराजशेठचे खाली दोन गाळे आणि वर बरेच फ्लॅट होते, त्यामुळे ते न निवडताच चेअरमन होत असत. मागून तेही आले. गिरजाबाईंच्या हातात स्टीलचा डबा होता.

"पावना आला नि तुमी त्याला उपाशी ठेवलाव?" त्यांनी बदामांकडे पाहून विचारलं. "बदाम कनाला? तो काय परीक्षेला बसनार हाय?" आणि डबा उघडून त्यांनी मूठभर सुका जवळा खोक्यात टाकला.

वाळल्या मासळीच्या वासाने घर भरलं. बाथरूमच्या दारात सगळे दाटीवाटीने उभे, दिवा बंद. खोक्यात हालचाल झाली. पाठमोरा का होईना, पाहुणा उलगडला आणि चावायला लागला. गिरजाबाईंनी मोठ्या अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. आणि मग जाहकाने मान मागे वळवली आणि तोंडातला पांढराशुभ्र फेस आपल्याच पाठीवर थापायला सुरुवात केली.

"पिसाळला!" उज्वलाताई किंचाळल्या. पुढच्या क्षणी बाथरूमच्या दारात फक्त दिलीपराव उरले.

"अहो, पिसाळला नाही! नवीन, उग्र वास आला की हे प्राणी तो चावून त्याचा फेस स्वतःच्या अंगाला..." ते हॉलकडे धावत म्हणाले. पण त्यांची ती सद्दी संपली होती. हॉलमध्ये बारा माणसं एकदम बोलत होती आणि त्यांतला एक पार्किंगवरही घसरला होता.

"माज्या जवल्यानी आजवर कोनाला फेस नाय आला," गिरजाबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या.

धर्मराजशेठनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "सबनीस, तुमी शिकलेली मानसा. मना तुमचा वाईट करायचा नाय. पन खाली पोरा खेलतान. उद्या चारला मिटिंग लावतो. तवर संस्थेची गारी आली त बरा. नाय आली, त माजी मानसा त्याला खारीवर नेऊन सोरतील."

"खाडीवर?" दिलीपराव उभेच राहिले. "धर्मराजशेठ, तो कोरड्या माळावरचा जीव आहे. तिथे चिखल, खारं पाणी, भरती. मरेल हो तो."

"मग तुमी सांगा, कोनाची जबाबदारी?"

"माझी," दिलीपराव म्हणाले. "त्याची जबाबदारी माझी. गाडी आणतो मी."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकले. विमा कंपनीत त्यांनी आयुष्यभर बरोबर याच्या उलट वाक्य लिहिलं होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी खारघरला मुलाला, निशांतला, फोन केला. निशांतने नेहमीप्रमाणे दुसऱ्या कामात असताना सल्ला दिला. "बाबा, हेजहॉग थंड देशातले असतात. लंडनला माझ्या मित्राच्या बागेत यायचे. इथे गरम होत असेल त्याला, म्हणून बाहेर येत नसेल. एसी लावा." दिलीपरावांनी वाचलेलं माळरान, काटेरी झुडपं सगळं डोक्यात होतं. पण लंडन हा शब्द आला की मध्यमवर्गीय माणसाचं स्वतःच्या डोक्यावरून थोडं नियंत्रण सुटतं. खोकं बेडरूममध्ये गेलं. ज्या एसीला दिलीपरावांनी भर मे महिन्यातसुद्धा सव्वीसच्या खाली जाऊ दिलं नव्हतं, तो त्यांनी अठरावर लावला. अरुणाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"मला मेनोपॉजमध्ये चोवीस मिळत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेल्या.

रविवारी सकाळी जाहक थंडगार पडला होता. मुटकुळं तसंच होतं, पण आता हात लावला तरी फुस्स नाही, आतली धडधड नाही, काही नाही. दिलीपरावांनी काटे टोचत असतानाही त्याला ओंजळीत धरून ठेवलं. ते पलंगाच्या कडेला बसले. त्यांना खरोखर रडू आलं. इतक्या लांबून, झोपेत कोणीतरी उचलून आणलेला तो जीव. त्याने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, एका कोपऱ्यात अंग आखडून बसला होता फक्त. आणि ज्याने जबाबदारी घेतली त्यानेच त्याला मारलं.

अरुणाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पण तो फोटो पाठवलात ना तुम्ही? मग त्या लोकांनी काय..."

"कसला फोटो घेऊन बसलीस आता," दिलीपराव म्हणाले.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. आदल्या संध्याकाळी ज्यांनी त्याला खाडी दाखवली होती त्यांचे हात सर्वांत आधी जुळले. एकाने विचारलं, 'जाहक कोण? कितव्या मजल्यावरचे?' आता सभेची गरज नव्हती. पण सूचना निघाली होती आणि वडापाव सांगून झाले होते. सांगितलेले वडापाव रद्द करणं सागरदीपच्या परंपरेत बसत नव्हतं. तेव्हा केयूरने विषय बदलला. 'प्राण्याला बाहेर काढण्याबाबत' याऐवजी 'प्राण्याला आदरांजली' असं झालं. ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे तेच राहिले.

चार वाजता आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. जेवढी सावली होती तेवढ्यात कमिटी बसली. जाहकाचं टेबल त्यामुळे उन्हात आलं. टेबलावर पाट, पाटावर खोकं, खोक्याला झेंडूचा हार. शेजारी फ्रेममध्ये त्याचा फोटो, तोच संस्थेने नारळ म्हणून परत पाठवलेला.

मग भाषणं झाली. उज्वलाताई म्हणाल्या की तो अतिशय शांत होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याने माझे बदाम खाल्ले नाहीत तरी मला कधी राग आला नाही. एका गृहस्थांनी त्याला दोनदा 'साळिंदरजी' म्हटलं. गिरजाबाई उठून म्हणाल्या, "जवला खाल्लान बिचाऱ्यानी. शेवटचा खाना माज्या हातचा जाला," आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या. शेवटी दिलीपरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

दिलीपराव उभे राहिले. "मला असं वाटतं की..." ते म्हणाले आणि सवयीने थांबले. कोणी मधे बोललं नाही. पार्किंगवाले गृहस्थसुद्धा मान खाली घालून बसले होते. सगळी सोसायटी ऐकत होती आणि दिलीपरावांना पुढचं वाक्य येत नव्हतं. "मला वाईट वाटतं," एवढंच बोलून ते बसले.

"दोन मिंटा सगले उबे ऱ्हावा," धर्मराजशेठ म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

सागरदीप सोसायटी स्थापन झाल्यापासून सगळे सभासद एकाच वेळी गप्प बसल्याची ही पहिलीच घटना होती. लिफ्टची घंटा नाही, कुकर नाही, कोणी कोणाला खालून वर हाक मारत नाही. उन्हात पाण्याच्या पाइपवर चिमण्या बसल्या होत्या त्यांचासुद्धा आवाज येत होता.

आणि खोक्यात खसखस झाली.

आधी नाक आलं. काळं, ओलसर, हवेत इकडून तिकडे फिरणारं. मग त्यामागे लांबुळकं तोंड, दोन टपोरे डोळे आणि पानासारखे मोठेमोठे कान. जाहक खोक्याच्या कडेवर पुढचे पाय टेकून उभा राहिला. समोर दोन्ही हात जोडून उभी असलेली माणसं त्याने एकदा नीट पाहून घेतली. मग हारातल्या झेंडूत एक भुंगेरा होता तो त्याने काढला आणि कुरुमकुरुम आवाज करत खाल्ला.

सगळ्यांनी पाहिलं. पण दोन मिनिटं पुरी झाली नव्हती. उज्वलाताईंनी तोंडावर हात दाबून धरला. एका काकांचे खांदे गदगदत होते. दिलीपरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते ओठ घट्ट मिटून उभे होते. फक्त केयूरने, फोनचा आवाज बंद करून, एक पाऊल पुढे जाऊन फोटो काढला. धर्मराजशेठची नजर घड्याळावरून हलली नाही.

"बसा," ते म्हणाले, आणि मग टेबलाकडे वळले. "आयला! ह्याला त तोंड हाय!"

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. जाहक अर्थातच तत्काळ आवळला गेला. पण फोटो निघाला होता. 'चेहरा स्पष्ट आहे. धन्यवाद,' असं उत्तर आलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि वडापाव संपायच्या आत प्राची गाडी घेऊन हजर झाली.

तिने जाहकाला हातमोजे घालून अलगद उचललं, तपासलं. "तब्येत ठीक आहे याची. खायला मिळालं नाही आणि थंडी लागली की हे प्राणी सगळं मंद करून पडून राहतात. ऊब मिळाली की उठतात. पण इतकी थंडी लागली कुठे याला?"

दिलीपराव अडेनियमच्या खताबद्दल काहीतरी विचारायला देवजीला फोन करायचा आहे, असं पुटपुटले. अरुणाबाईंनी आकाशाकडे पाहिलं. परवानगी मिळाली की त्याला त्याच्याच माळरानावर नेऊन सोडू, असं प्राची म्हणाली. गाडी निघताना गिरजाबाईंनी प्रवासासाठी जवळ्याची पुडी दिली आणि प्राचीने ती नम्रपणे, हात खिडकीबाहेरच ठेवून धरली. दिलीपराव गाडी वळेपर्यंत फाटकात उभे होते.

संध्याकाळी ते बाल्कनीत अडेनियमशेजारी बसले. अरुणाबाई समोर परात घेऊन मटार सोलत होत्या.

"सगळं चांगलं झालं," दिलीपराव म्हणाले. "एकाच गोष्टीची रुखरुख राहिली. मी त्याच्यासाठी इतकं केलं, फरशीवर पालथा पडलो. पण तोंड दाखवलं ते अख्ख्या सोसायटीला. मला एकट्याला नाही दाखवलं."

"मला दाखवलं होतं," अरुणाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी."

"तुला? तू काय केलंस?"

"काही नाही. तुम्ही हॉलमध्ये भाषण देत होतात, म्हणून मटार घेऊन बाथरूममध्ये स्टुलावर जाऊन बसले. गप्प. थोड्या वेळाने आला आपला आपण. माझ्या पायाचा वास घेतला आणि तिथेच बसला. फोटोपण काढला मी."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. काटे म्हणजे खरं तर केसच, ते चाललं होतं तुमचं. म्हणून मग पाठवला तुम्हाला. मला वाटलं तुम्ही पुढे पाठवला असेल, त्यांचीच गाडी येत नाहीये. फरशीवर पालथे पडलात तेव्हा वाटलं, तुम्हाला स्वतः काढलेलाही एक हवाय."

दिलीपरावांनी खिशातून फोन काढला. चष्मा पुसला. अरुणाबाईंच्या नावापुढे न उघडलेल्या मेसेजचा ढीग होता. मीठ संपलंय. तुमची बीपीची गोळी घेतलीत का. गॅसवाला येऊन गेला. आज चंद्र छान दिसतोय, बाल्कनीत या. बोट वर सरकवत ते शुक्रवारपर्यंत पोचले. नाक, डोळे, कान, मिशा, सगळं लख्ख. चार पायांवर उभा राहून जाहक थेट कॅमेऱ्याकडे बघत होता. खाली लिहिलं होतं, 'हा बघा आला. किती गोड आहे. संस्थेला लगेच पाठवा.'

दिलीपरावांनी पुन्हा मेसेजांच्या ढिगाकडे पाहिलं. चंद्राचा मेसेज केव्हाचा होता, ते बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"अजून काय काय पाठवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"बरंच आहे," अरुणाबाई म्हणाल्या. "ऐकायला वेळ आहे का?"

"आहे."

अरुणाबाई थोडा वेळ थांबून राहिल्या. ते खरंच मधे काही बोलत नव्हते. मग त्यांनी मटाराची परात दोघांच्या मधे सरकवली आणि बोलायला सुरुवात केली.